उष्णता पाहणारे अंतराळातील नेत्र

निपाणीच्या शिवारात थंडीच्या दिवसांत तंबाखूची तोडणी होते आणि तोडलेला पाला उन्हात वाळत घातला जातो. अशा वेळी रात्री अवकाळी पावसाची एक सर आली, तरी पानाचा कस उतरतो आणि वर्षाच्या कष्टावर पाणी पडते. खानापूर तालुक्यातील दाट अरण्यात उन्हाळा लागताच झाडाखालचा पाचोळा कोरडा होतो आणि एका ठिणगीने वणवा पेटण्याची भीती निर्माण होते. बेळगाव शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. तेथे शिकून तयार झालेले जवान देशाच्या दूरदूरच्या सीमांवर अंधाऱ्या रात्री पहारा देत असतात. शेतकरी, वनरक्षक आणि जवान या तिघांची कामे वेगळी असली, तरी त्यांची गरज मात्र एकच आहे. माणसाची दृष्टी जेथे पोहोचत नाही, तेथील हालचाल त्यांना वेळेवर कळली पाहिजे.

विज्ञानाने या गरजेवर जो एक उपाय शोधला आहे, तो म्हणजे अवरक्त किरण टिपणारे संवेदक. त्यांतील काही संवेदक कृत्रिम उपग्रहांवर बसवून अंतराळात पाठविण्यात आले आहेत. इन्सॅट-३डीआर हा भारतीय हवामान उपग्रह दि. ८ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला आणि विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर स्थापित करण्यात आला. बेळगावचा रेखांश सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंश आहे. म्हणजे हे स्थान जवळजवळ बेळगाव-निपाणीच्याच रेखांशावर येते. बेळगावात उभे राहून पाहिले, तर ते डोक्यावरच्या बिंदूपासून दक्षिणेकडे अवघे अठरा-एकोणीस अंश कललेले असेल. इतक्या दूर असलेले यंत्र रात्रीच्या अंधारात ढग आणि जमीन कशी पाहू शकते, आणि त्यासाठी शास्त्रज्ञांना कोणत्या अडचणींवर मात करावी लागते, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

अवरक्त किरण म्हणजे काय?

इ. स. १८०० मध्ये इंग्लंडमधील ज्योतिर्विद विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून सोडून त्याचे रंग वेगळे केले आणि निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत अधिक चढला. तांबड्याच्या पलीकडील या अदृश्य किरणांनाच आज अवरक्त किरण असे म्हणतात.

लोहाराच्या भट्टीचे उदाहरण घेतले, तर हा विषय सहज समजतो. भट्टीतून नुकताच काढलेला लोखंडाचा तुकडा पिवळसर दिसतो. निवू लागला की तो लाल होतो आणि पुढे काळा पडतो. काळा पडल्यानंतरही त्याच्याजवळ हात नेला, तर धग लागते. याचा अर्थ त्या लोखंडातून किरण बाहेर पडतच असतात, पण आपले डोळे ते पाहू शकत नाहीत. वस्तू जितकी तप्त, तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी कमी, आणि वस्तू जितकी थंड, तितकी ती अधिक, असा निसर्गाचा नियम आहे.

ही तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचे डोळे सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन एवढाच पट्टा पाहू शकतात. वणव्यातील ज्वाळांचे प्रारण साधारणपणे साडेतीन ते चार मायक्रॉनच्या आसपास सर्वांत तीव्र असते. माणसाचे शरीर, शेतजमीन, नदीचे पाणी यांचे प्रारण नऊ ते दहा मायक्रॉनच्या आसपास तीव्र असते. ते दिवसा व रात्री सारखेच चालू असते. म्हणून या किरणांना अंधाराची अडचण वाटत नाही.

वातावरणाची अडचण मात्र असते. हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड वायू अवरक्त किरणांचा बराच भाग शोषून घेतात. त्यांतून सुटलेले दोन मुख्य झरोके शास्त्रज्ञांना उपयोगी पडतात. एक तीन ते पाच मायक्रॉनचा आणि दुसरा आठ ते बारा मायक्रॉनचा. उपग्रहावरील संवेदक मुख्यतः या दोन झरोक्यांतूनच पृथ्वीकडे पाहतात.

किरणापासून विजेपर्यंत

किरण टिपायचा म्हणजे त्याचे रूपांतर मोजता येईल अशा विद्युत्प्रवाहात करायचे. या क्षेत्रात एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव आदराने घेतले जाते. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या खनिजाच्या स्फटिकाचा संवेदक तयार केला आणि त्यासाठी १९०४ मध्ये त्यांना अमेरिकेचे एकस्व मिळाले. गॅलिना म्हणजे शिशाचे गंधकाशी झालेले संयुग, अर्थात लेड सल्फाइड. पुढे अवरक्त किरणांसाठी जे संवेदक प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरात आले, त्यांत याच संयुगाचे संवेदक प्रमुख होते.

अशा स्फटिकांना अर्धवाहक म्हणतात. त्यातील इलेक्ट्रॉन एरवी जागच्या जागी बांधलेले असतात. पुरेशी ऊर्जा असलेला किरणकण येऊन आदळला, की इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि वीज वाहू लागते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात सिलिकनचा संवेदक असतो. सिलिकनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास जी ऊर्जा लागते, ती १.१ मायक्रॉनपेक्षा लांब तरंगांच्या किरणांत नसते. दहा मायक्रॉनच्या किरणकणाची ऊर्जा तर हिरव्या प्रकाशाच्या कणाच्या सुमारे अठराव्या हिश्श्याइतकीच असते. म्हणून मोबाइलचा कॅमेरा निखारा पाहू शकतो, पण गरम तवा आणि थंड तवा यांतील भेद त्याला कळत नाही.

इतक्या दुबळ्या किरणासाठी तितकाच हळवा पदार्थ हवा. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ च्या सुमारास पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचे संयुग या कामासाठी पुढे आणले. या संयुगाचे वैशिष्ट्य असे, की पारा व कॅडमियम यांचे परस्परप्रमाण बदलले, की संवेदकाची दृष्टी बदलते. त्यातील धातूंच्या दर शंभर अणूंमध्ये कॅडमियमचे तीस ठेवले, तर संवेदक सुमारे पाच मायक्रॉनपर्यंत पाहतो. बावीस ठेवले, तर त्याची मर्यादा दहा मायक्रॉनच्या पलीकडे जाते. मात्र हे प्रमाण अत्यंत काटेकोरपणे सांभाळावे लागते. बावीसऐवजी एकवीस अणू पडले, तरी मर्यादा एक मायक्रॉनहून अधिक सरकते. पारा हा लवकर उडून जाणारा धातू असल्यामुळे असा निर्दोष स्फटिक वाढविणे हे जगातील मोजक्याच प्रयोगशाळांना साधलेले काम आहे. भारतात संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या दिल्ली येथील सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीने या संयुगावर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

नेत्र थंड का हवा?

येथे एक मोठी अडचण उभी राहते. जो पदार्थ थोड्याशा ऊर्जेने जागा होतो, तो स्वतःच्या उष्णतेनेही जागा होतो. संवेदक नेहमीच्या तापमानात ठेवला, तर बाहेरून एकही किरण न येता त्यातून वीज वाहत राहते. जत्रेच्या गजबजाटात कोणी कानाशी कुजबुजले तर ऐकू येऊ नये, तशी त्याची अवस्था होते. हा गोंगाट बंद करण्यासाठी संवेदक थंड करावा लागतो. दूरच्या अवरक्त पट्ट्यासाठी पुष्कळदा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या जवळपास, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत जावे लागते. उष्णता पाहणारा नेत्र स्वतः अतिशय थंड असला पाहिजे, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे.

पृथ्वीवर द्रवरूप नायट्रोजन ओतता येतो. उपग्रहावर वर्षानुवर्षे तो कोण ओतणार? यावर दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात संवेदकाला एका विशेष पत्र्याशी जोडतात आणि तो पत्रा सूर्य व पृथ्वी यांच्यापासून दूर, अंतराळाच्या काळोखाकडे वळवितात. संवेदकाची उष्णता तेथे आपोआप निघून जाते. इन्सॅट-२ मालिकेतील हवामान-संवेदक असलेल्या उपग्रहांच्या चित्रांत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आली असेल. त्यांचे सौरपंख एकाच, म्हणजे दक्षिण बाजूला होते, आणि उत्तर बाजूला लांब दांड्यावर एक लहानसे शीड होते. उत्तर बाजूने संवेदकाच्या शीतकाला मोकळे आकाश दिसावे, म्हणून तेथे सौरपंख लावला नव्हता. सूर्यप्रकाशाच्या दाबाने उपग्रह एका बाजूस कलू नये, म्हणून समतोलासाठी शिडाची योजना होती. एका लहानशा संवेदकाच्या थंडपणासाठी अख्ख्या उपग्रहाची रचना बदलावी लागली, यावरून या गोष्टीचे महत्त्व ध्यानात येईल.

दुसऱ्या मार्गात लहान यांत्रिक शीतक वापरतात. घरातील फ्रिजप्रमाणेच तोही वायू दाबून व प्रसरण पाववून उष्णता बाहेर काढतो. मात्र तो अंतराळात दुरुस्तीविना वर्षानुवर्षे चालला पाहिजे आणि त्याच्या कंपनाने चित्र हलता कामा नये.

एका कणापासून पटापर्यंत

आरंभीच्या हवामान उपग्रहांवर मोजकेच संवेदक असत. हलत्या आरशाच्या साहाय्याने ते पृथ्वीचा एकेक बिंदू क्रमाने पाहत आणि त्यातून चित्र तयार होई. भाताच्या रोपांची लावणी एकट्या माणसाने ओळीओळीने करावी, तसा हा प्रकार होता. शंभर माणसे एकाच वेळी उतरली, तर तेच काम लवकर उरकते आणि प्रत्येकाला आपल्या जागेकडे नीट लक्ष देता येते. त्याच न्यायाने हजारो संवेदक एका चकतीवर ओळीने व रांगेने मांडण्याची कल्पना पुढे आली. यालाच संवेदक-पट म्हणता येईल. प्रत्येक संवेदकाला आपल्या बिंदूकडे अधिक काळ पाहता येत असल्याने अंधूक उष्णताही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

या प्रगतीचा आलेख मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कार्यात स्पष्ट दिसतो. या संस्थेने हैदराबाद येथील आपल्या केंद्रातून मोठ्या फुग्यांच्या साहाय्याने एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण वातावरणाच्या वरच्या थरांत पाठविली. त्या दुर्बिणीवरील उपकरणात दोन पट्ट्यांसाठी प्रत्येकी सहा संवेदक होते आणि ते निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.३ अंशापर्यंत थंड केले जात. पुढे याच संस्थेने टिरकॅम-२ हा अवरक्त कॅमेरा सिद्ध केला. त्यातील इंडियम अँटिमोनाइडच्या पटावर ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ संवेदक आहेत. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिच्यावर या कॅमेऱ्याने निरीक्षणे करण्यात आली आणि नंतर तो उत्तराखंडातील देवस्थळ येथील ३.६ मीटरच्या दुर्बिणीवरही वापरण्यात आला. तेथे तो ताऱ्यांकडे पाहतो, तर उपग्रहावरील पट पृथ्वीकडे पाहतो. तत्त्व मात्र एकच आहे.

पट तयार करण्यातील अडचणी अनेक आहेत. किरण टिपणारी चकती एका पदार्थाची असते, तर प्रत्येक संवेदकाची वीज मोजून बाहेर आणणारी चकती सिलिकनची असते. या दोन चकत्या इंडियम या मऊ धातूच्या सूक्ष्म थेंबांनी एकमेकींना जोडतात. एकेका संवेदकाला एकेक थेंब लागतो. पट थंड करताच दोन्ही चकत्या आकुंचन पावतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. त्यामुळे सांधे तुटण्याची भीती असते. म्हणून असा पट वारंवार थंड व उष्ण करून त्याची कसोटी घेतात.

दुसरी अडचण सारखेपणाची आहे. बाजारातील शंभर दुकानांत शंभर तराजू असले आणि प्रत्येक तराजूत थोडा थोडा फरक असला, तर एकाच पोत्याची शंभर वजने निघतील. पटावरील लाखो संवेदकांचेही तसेच असते. एकाच उष्णतेला प्रत्येक संवेदक किंचित वेगळे उत्तर देतो. सरकारी निरीक्षक जसा प्रमाणित वजने घेऊन तराजू तपासतो, तसा उपग्रहावरही ज्ञात तापमानाचा एक काळा पृष्ठभाग ठेवलेला असतो. संवेदक अधूनमधून त्याच्याकडे आणि रिकाम्या, थंड अंतराळाकडे पाहतात. त्यांवरून प्रत्येक संवेदकाची चूक काढून ती हिशेबातून वजा केली जाते. नेत्र थंड तर हवाच, पण त्याचा प्रत्येक कण न्यायाने मोजणाराही हवा, हा दुसरा धडा होय.

क्षेपणास्त्रांवर पाळत

या विद्येला सर्वाधिक चालना संरक्षणाच्या गरजेतून मिळाली. क्षेपणास्त्र सुटते तेव्हा त्याच्या मागून तप्त वायूंचा प्रचंड झोत बाहेर पडतो. अमेरिकेने नोव्हेंबर १९७० पासून ‘डिफेन्स सपोर्ट प्रोग्रॅम’ या नावाने या झोतावर पाळत ठेवणारे उपग्रह सोडण्यास आरंभ केला. त्यांवरील लेड सल्फाइडचे संवेदक २.७ मायक्रॉनच्या आसपास पाहत. हा पट्टा निवडण्यामागील युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. या तरंगलांबीचे किरण हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. त्यामुळे जमिनीवरच्या भट्ट्या व आगी वरून जवळजवळ दिसतच नाहीत. क्षेपणास्त्र मात्र दाट हवेच्या वर चढले, की काळ्या पार्श्वभूमीवर ठळक उमटते. आरंभी या उपग्रहांवर सुमारे २,००० संवेदकांची रांग होती आणि पुढे ती संख्या ६,००० पर्यंत गेली. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने सोडलेल्या स्कड क्षेपणास्त्रांची चाहूल या उपग्रहांना लागली आणि नागरिकांना आसरा घेण्यासाठी काही मिनिटे मिळाली.

परंतु याच विद्येने एकदा जगाला फार मोठ्या संकटाच्या उंबरठ्यावरही नेले होते. दि. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत संघाच्या अशाच उपग्रह-यंत्रणेने अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडल्याचा इशारा दिला. थोड्याच वेळात त्यांची संख्या पाच झाली. त्या रात्री कामावर असलेले अधिकारी लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी विचार केला, की खरे आक्रमण झाले असते तर ते अवघ्या पाच क्षेपणास्त्रांनी झाले नसते. शिवाय जमिनीवरील रडारांकडून दुजोरा मिळत नव्हता. त्यांनी तो इशारा चुकीचा असल्याचे वरिष्ठांना कळविले. उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश संवेदकांनी झोत समजून टिपला होता, असे पुढे निष्पन्न झाले. संवेदक कितीही हळवा असला, तरी त्याने पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावणारी विवेकबुद्धी हवी, हा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा धडा होय.

भारतातील वाटचाल

भारताने अवरक्त दृष्टीचा उपयोग प्रामुख्याने हवामान, आपत्ती-निवारण आणि साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी केला. १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. परंतु १९८३ च्या इन्सॅट-१बी ने देशाला ढगांची नियमित चित्रे मिळू लागली. त्याच्या अवरक्त चित्रातील एक बिंदू जमिनीवरील ११ किलोमीटर बाजूच्या चौकोनाएवढा होता. १९९२ मध्ये सोडलेल्या, देशातच बांधलेल्या इन्सॅट-२ए मध्ये तो ८ किलोमीटरवर आला. २००२ मध्ये सोडलेल्या हवामान उपग्रहाला पुढे कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ कल्पना-१ असे नाव देण्यात आले. दि. २६ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या इन्सॅट-३डी पासून मुख्य अवरक्त पट्ट्यांत हा चौकोन ४ किलोमीटरचा झाला आणि वातावरणाच्या निरनिराळ्या थरांतील तापमान व आर्द्रता मोजणारे १९ पट्ट्यांचे उपकरणही सोबत आले. इन्सॅट-३डीआर व १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला इन्सॅट-३डीएस हे याच मालिकेतील पुढचे उपग्रह होत. या उपग्रहांची पाहणारी उपकरणे अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्रात घडविली जातात.

पाळतीच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा म्हणजे दि. १६ ऑगस्ट २०२४ रोजी सोडण्यात आलेला ईओएस-०८ हा १७५.५ किलोग्रॅम वजनाचा लहान उपग्रह. सुमारे ४७५ किलोमीटर उंचीवरून मध्यम आणि दूरच्या अवरक्त पट्ट्यांत दिवसा व रात्री चित्रे घेणारे उपकरण त्यावर बसविण्यात आले. पाळत, आपत्तींचे निरीक्षण, आगींचा शोध आणि पर्यावरणाचा अभ्यास हे त्याचे उद्देश होते. त्याची मुदत एक वर्षाची ठरविण्यात आली होती.

असे संवेदक-पट कोणत्याही देशाला सहजासहजी विकत मिळत नाहीत. त्यांचा लष्करी उपयोग असल्यामुळे अनेक राष्ट्रांच्या निर्यात-नियंत्रणाच्या याद्यांत त्यांचा समावेश आहे. डिसेंबर २०१७ मध्ये भारत ज्या वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला, तिच्या यादीतही ते आहेत. म्हणूनच स्फटिक, पट, शीतक आणि मोजणीच्या चकत्या या सर्व गोष्टी देशातच तयार होणे अगत्याचे आहे.

बेळगाव-निपाणी परिसराला उपयोग

या नेत्रांचा ग्रामीण जनतेला मिळणारा पहिला लाभ हवामानाचा आहे. ढगाचा माथा जितका उंच, तितका तो थंड, आणि जितका थंड, तितके त्याचे अवरक्त प्रारण कमी. त्यावरून वादळी ढगांची वाढ रात्रीही ओळखता येते. इन्सॅट-३डीआर सारखा उपग्रह सुमारे अर्ध्या तासात आपल्या नजरेच्या टप्प्यातील पृथ्वीचे पूर्ण चित्र घेऊ शकतो. या माहितीचा उपयोग भारतीय हवामान विभाग आपल्या अंदाजांत करतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मेघदूत’ या मोबाइल सेवेद्वारे शेतकऱ्यांना जिल्हावार सल्ला मिळू लागला. उघड्यावर वाळत पडलेला तंबाखूचा पाला वेळीच झाकावयाचा की नाही, हे ठरविण्यास असा सल्ला साहाय्यभूत होतो.

मात्र येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. अवरक्त किरण दाट ढगांतून आरपार जात नाहीत. उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो, त्याखाली पडणारा पाऊस दिसत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तर पुष्कळदा फारसे उंच नसलेले ढगही मुसळधार बरसतात. अशा वेळी केवळ माथ्याच्या थंडपणावरून बांधलेला अंदाज कमी पडतो. वेदगंगेला येणारे पाणी भुदरगड तालुक्यातील पाटगावच्या बाजूच्या डोंगरांतून येते. ऑगस्ट २०१९ मध्ये याच वेदगंगेच्या पुराचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्गावर आले आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. असा पूर ओळखण्यासाठी उपग्रहाबरोबरच रडार, गावोगावची पर्जन्यमापके आणि नदीवरील पाणीपातळीच्या नोंदी या सर्वांची सांगड घालावी लागते. पर्जन्यमापकाची नोंद रोज ठरल्या वेळी बिनचूक घेणारा गावातील कर्मचारी हा या साखळीतील उपग्रहाइतकाच आवश्यक दुवा आहे.

दुसरा लाभ वणव्यांच्या सूचनेचा आहे. ५२७ अंश सेल्सिअस तापमानाची ज्वाला ही २७ अंशांच्या जमिनीपेक्षा अकरा मायक्रॉनच्या पट्ट्यात सुमारे एकोणीस पट, तर चार मायक्रॉनच्या पट्ट्यात सुमारे अठराशे पट तेजस्वी असते. त्यामुळे चित्रातील एका बिंदूचा अगदी लहानसा भाग पेटलेला असला, तरी तो बिंदू चार मायक्रॉनच्या चित्रात उठून दिसतो. या तत्त्वावर आगी शोधणाऱ्या अमेरिकी उपग्रहांची माहिती घेऊन डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून वनविभागांना सूचना देत आली आहे. आरंभी यासाठी एक किलोमीटर बाजूचे बिंदू वापरले जात. पुढे ३७५ मीटरच्या बिंदूंचीही जोड मिळाली. नोंदणी केलेल्यांना या सूचना मोबाइलवरही पाठविल्या जातात. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात ठिकठिकाणी आगी लागल्या. त्याच्याच शेजारी खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य आहे. अशा दुर्गम भागात धूर दिसेपर्यंत वाट पाहणे परवडत नाही.

येथेही विवेकाचा धडा लागू पडतो. उसाच्या फडातील पाचट पेटविले, तरी उपग्रहाला तप्त बिंदू दिसतो. वीटभट्टी व कारखान्याचे धुराडेही कधी कधी तसेच दिसते. नकाशावरील वनाच्या सीमा ताडून पाहून आणि अखेर प्रत्यक्ष जागेवर जाऊनच खरे काय ते ठरते. उलटपक्षी, दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात लागून विझलेली आग किंवा दाट ढगाखालची आग उपग्रहाच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून सूचना आली नाही, याचा अर्थ आग नाही, असा कोणी घेऊ नये. जंगलालगतच्या गावकऱ्याने दिलेली खबर आजही तितकीच मोलाची आहे.

काही ठिकाणी असाही समज आढळतो, की उपग्रह घराच्या भिंतींतून आत पाहतात. तो निराधार आहे. अवरक्त किरण विटांच्या भिंतीतून पार होत नाहीत. भिंतीच्या बाहेरच्या अंगाची ऊब तेवढी कळते. शिवाय हवामान उपग्रहाच्या अवरक्त चित्रातील चार किलोमीटरच्या एका बिंदूत सोळा चौरस किलोमीटर क्षेत्र सामावते. त्यात एखादे गाव आपल्या शिवारासह सहज मावेल.

शाळेत करून पाहण्याजोगे प्रयोग

शिक्षकांना या विषयाची ओळख विद्यार्थ्यांना अल्प खर्चात करून देता येईल. लोलकाने पांढऱ्या कागदावर सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडावा. तीन उष्णतामापकांचे फुगे काळ्या रंगाने रंगवावेत. एक निळ्या रंगात, एक तांबड्या रंगात आणि एक तांबड्याच्या किंचित पलीकडे ठेवून काही मिनिटांनी त्यांची वाचने लिहून घ्यावीत. हर्शेल यांचा शोध मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. दूरदर्शन संचाचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. पुष्कळ मोबाइलमध्ये, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यातून, रिमोटच्या टोकाशी प्रकाश लुकलुकताना दिसतो. डोळ्यांना मात्र तो दिसत नाही. त्याच कॅमेऱ्यासमोर गरम पाण्याचे भांडे ठेवले, तर काहीच दिसणार नाही. रिमोटचे किरण दृश्य प्रकाशाच्या निकटचे असतात, तर भांड्याचे किरण फार दूरचे असतात. सिलिकनची मर्यादा आणि निराळ्या संवेदकाची गरज या एका प्रयोगातून स्पष्ट होते.

उष्णता पाहणाऱ्या या नेत्रांची निर्मिती हे शास्त्रज्ञांच्या अनेक पिढ्यांच्या चिकाटीचे फळ आहे. नेत्र थंड असावा, सारखेपणाने मोजणारा असावा आणि त्याने पाहिलेल्याचा अर्थ विवेकाने लावला जावा, या तीन गोष्टींवर त्याची उपयुक्तता अवलंबून आहे. पहिल्या दोन गोष्टी प्रयोगशाळेत साधतात. तिसरी मात्र हवामान केंद्रातील अधिकारी, वनरक्षक, तलाठी, शिक्षक आणि शेतकरी यांच्या हाती आहे. मिळालेली सूचना वेळेवर पुढे पोहोचविणे, ती जागेवर पडताळून पाहणे आणि तीनुसार तत्परतेने पाऊल उचलणे, एवढे घडले तरच ३६,००० किलोमीटरवरून आलेला संदेश निपाणीच्या शिवारात आणि खानापूरच्या अरण्यात कामी येईल.